चुना, कॉस्टिक, अमोनिया: आम्लारीला विचारायचे तीन प्रश्न

लाल लिटमस निळा करतो तो आम्लारी, एवढं पाठ केलं की शाळेतला प्रश्न सुटतो. खरे घोटाळे त्यानंतर होतात. चुन्याची निवळी आणि कॉस्टिक सोड्याचं (सोडियम हायड्रॉक्साइडचं) पाणी, दोन्ही लिटमस सारखाच निळा करतात. पण निवळीत बुडालेलं बोट नळाखाली धरलं की काम भागतं, आणि कॉस्टिकच्या दाट द्रावणात तेच बोट बुडालं तर कातडी सोलते. अमोनियाच्या वासाने डोळ्यांतून पाणी येतं, तरी रसायनशास्त्र त्याला सौम्य म्हणतं. मॅग्नेशियाचं दूध हे मॅग्नेशियमचं हायड्रॉक्साइडच, पण ते आपण पित्तावर चमचाभर पितो.

हे सगळं एका रांगेत लावायचं तर समोरच्या पदार्थाला तीन प्रश्न विचारावे लागतात. पाण्यात तू किती विरघळतोस? जेवढा विरघळतोस त्यातला किती भाग हायड्रॉक्साइड आयन (आम्ल मारणारे विद्युतभारित कण) देतो? आणि ते आयन खर्च झाले तर मागे साठा किती? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर पीएचचा कागद, म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी ते रंगाने दाखवणारा कागद, एकत्र देतो, तिसऱ्याचं मुळीच देत नाही. कुळागरातली (सुपारीच्या बागेतली) फवारणी फसते, साबण हात जाळतो, जमिनीत चुना घालूनही फरक पडत नाही, यामागे बहुतेक वेळा तिसरा प्रश्न विचारलेला नसतो.

आम्लारी आणि अल्कली

आम्लाशी अभिक्रिया करून क्षार आणि पाणी देतो तो आम्लारी. यात पाण्यात विरघळण्याची अट नाही. तांब्याचा काळा ऑक्साइड पाण्यात ढवळत बसा, लिटमसला ढिम्म फरक पडणार नाही. पण विरल सल्फ्युरिक आम्लात टाकून कोमट केला की काळी भुकटी नाहीशी होते आणि निळंशार द्रावण उरतं. गोव्यातल्या डिचोली, सांगे भागातल्या खाणींतून निघालेलं हेमेटाइट, म्हणजे लोहाचा ऑक्साइड, हाही याच अर्थाने आम्लारी. म्हणून कपड्यावरचा गंजाचा डाग साबणाने हटत नाही, लिंबाने हटतो. साबण स्वतःच अल्कधर्मी आहे, त्याचं आम्लारीशी काय जमणार?

जो आम्लारी पाण्यात विरघळून हायड्रॉक्साइड आयन देतो तो अल्कली. म्हणजे प्रत्येक अल्कली आम्लारी असतो, उलट मात्र खरं नाही. सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियमची हायड्रॉक्साइडं आणि अमोनियाचं द्रावण, रोजच्या व्यवहारात भेटणारे अल्कली एवढेच.

स्वीडनच्या आऱ्हेनियसने १८८४ मध्ये आयनांची जी कल्पना मांडली तिच्यावर ही व्याख्या उभी आहे, आणि तिच्यात अमोनिया नीट बसत नाही. त्याच्या रेणूत एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन. ऑक्सिजनच नाही, मग हायड्रॉक्साइड येणार कुठून? १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांनी स्वतंत्रपणे उत्तर दिलं: आम्लारी म्हणजे प्रोटॉन (हायड्रोजनचा आयन) स्वीकारणारा. अमोनिया पाण्याच्या रेणूतून एक प्रोटॉन काढून घेतो आणि त्या रेणूचा जो भाग मागे राहतो तोच हायड्रॉक्साइड आयन. धुण्याचा सोडाही असाच. त्यातला कार्बोनेट आयन पाण्याकडून प्रोटॉन घेतो, म्हणून स्वतः हायड्रॉक्साइड नसूनही तो अल्कधर्मी.

आकडे घेऊन तीन प्रश्न

एक लिटर पाण्यात ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवला तर द्रावणाचा सामू, म्हणजे पीएच, सुमारे १३ येतो. कॉस्टिक पूर्णच्या पूर्ण आयनांत मोडतो, म्हणून तो तीव्र. तेवढेच रेणू असलेलं अमोनियाचं द्रावण घ्या, म्हणजे लिटरला १.७ ग्रॅम अमोनिया. सामू ११.१ च्या आसपास येईल. अमोनियाच्या हजार रेणूंपैकी जेमतेम १३ जणांनी प्रोटॉन घेतलेला असतो, बाकीचे तसेच फिरत असतात. सामूची मोजपट्टी दहाच्या पटीतली आहे. १३ आणि ११.१ यांतला फरक हायड्रॉक्साइडच्या भाषेत जवळजवळ ८० पटींचा.

आता या दोन्ही द्रावणांचे शंभर-शंभर मिलिलिटर घ्या आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने उदासीन करा. दोन्हींना आम्ल लागेल अगदी सारखंच. अमोनियाचे जे थोडे आयन आम्लाने खाल्ले त्यांच्या जागी उरलेल्या रेणूंतून नवे तयार होत जातात, साठा संपेपर्यंत. तीव्रता वेगळी आणि क्षमता वेगळी, हे याहून सोप्या रीतीने दाखवता येत नाही. शाळेत अनुमापन (टायट्रेशन) शिकवताना या दोन बाटल्या शेजारीशेजारी ठेवायलाच हव्यात.

चुना तिसऱ्याच तऱ्हेचा. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा विरघळलेला भाग बहुतांशी आयनांत मोडतो, म्हणून आम्लारी तीव्रच; पण लिटरभर पाण्यात विरघळतो दीड ते पावणेदोन ग्रॅम. कॉस्टिक तेवढ्याच पाण्यात किलोभर विरघळतो. त्यामुळे चुन्याचं पाणी १२.४ च्या आसपास जाऊन थांबतं. लिटरमध्ये २ ग्रॅम चुना टाका नाहीतर १० ग्रॅम, पीएचचा कागद रंग तोच दाखवेल. जास्तीचा चुना तळाशी बसलेला असतो आणि वरचा खर्च होईल तसा विरघळत राहतो. मॅग्नेशियाच्या दुधात हाच प्रकार टोकाला जातो. लिटरमागे विरघळतं १० मिलिग्रॅमच्या आसपास, सामू साडेदहाच्या पुढे फारसा जात नाही, घसा भाजत नाही. पण पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की पांढरा गाळ हळूहळू सगळा कामी येतो.

शिंपल्यापासून भिंतीपर्यंत

गोव्यात पूर्वी चुना यायचा तो शिंपल्यांतून. तिसऱ्या, खुबे, कालवं यांचे शिंपले म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. शिंपले आणि कोळसा यांचे थर रचून भट्टी पेटवायची. तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या घरात गेलं की कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड उरतो. हिशेब सरळ आहे: १०० किलो कार्बोनेटमागे ५६ किलो कळीचा चुना, ४४ किलो वायू. भट्टी कमी तापली तर शिंपल्याचा गाभा कच्चा राहतो, आणि तो पुढे कितीही भिजवला तरी विरत नाही.

कळीच्या चुन्याला पाणी लागलं की तो फुगतो, फुटतो, वाफा सोडतो आणि विरतो, म्हणजे त्याचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतं. एक किलो चुना विरताना एवढी उष्णता सुटते की साधारण साडेतीन लिटर पाणी उकळीला यावं. म्हणून क्रम महत्त्वाचा. पाण्यात चुना थोडाथोडा टाकायचा. ढिगावर तांब्याभर पाणी ओतलं तर ते पाणी जागच्या जागी उकळतं आणि चुन्याचे कण अंगावर उडतात. शिवाय त्या भागात कण जळून जाड होतात, लोण्यासारखा चुना मिळत नाही. रसायनाच्या हिशेबाने किलोला ३२० ग्रॅम पाणी पुरतं, पण वाफेत बरंच जातं, आणि गिलाव्याला तर चिखलासारखा चुना लागतो, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट पाणी घेतात.

गिलाव्याचा चुना पाण्याखाली आठवडेच्या आठवडे मुरवायची जुनी रीत आहे. कारण काही कण जास्त जळालेले असतात आणि ते सावकाश विरतात. न मुरवता भिंतीवर चढवला तर हे कण गिलावा बसल्यानंतर विरू लागतात, फुगतात आणि भिंतीवर नाण्याएवढे पापुद्रे उडतात. लोक दोष गवंड्याला किंवा दमट हवेला देतात.

भिंतीवरचा चुना सुकून कडक होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा पुन्हा कार्बोनेट होतो, म्हणजे शिंपल्यातला पदार्थ चिऱ्यावर परत तयार होतो. हा वायू आधी पाण्याच्या पातळ थरात विरघळावा लागतो, तेव्हाच तो चुन्याला भेटतो. भिंत खडखडीत वाळली तर अभिक्रिया थांबते, भिजून चिंब असेल तर वायू आत शिरत नाही. पातळ हात द्यावेत, मधे दिवस जाऊ द्यावेत, अधूनमधून पाण्याचा हलका शिडकावा करावा आणि काम पावसाच्या बरंच आधी उरकावं. कच्चा चुना जूनच्या सरींत धुऊन जातो. चुन्यावर लगेच प्लास्टिक पेंट मारला तर आतला थर वर्षानुवर्षं मऊच राहतो. जांभ्याला हे पांढरं कवच किती हवं असतं ते जुन्या गोव्याच्या बॉम जेजूस बॅसिलिकाकडे पाहिलं की कळतं. १९५० च्या दशकात तिथला बाहेरचा गिलावा काढला गेला, तेव्हापासून उघडे चिरे पाऊस खात आहेत.

कार्बन डायऑक्साइडची हीच अभिक्रिया प्रयोगशाळेत निवळी दुधाळ करते. फुंकत राहिलात तर दुधाळपणा जातो, कारण कार्बोनेटचं विद्राव्य बायकार्बोनेट होतं. याच्याशी सहज गल्लत होईल अशी एक गोष्ट आहे. स्वच्छ निवळी नुसती तापवली तरी ती गढूळ होते, आणि तिथे वायूचा संबंध नसतो. चुना गरम पाण्यात कमी विरघळतो. २० अंशाला लिटरमागे १.७ ग्रॅम, उकळत्या पाण्यात पाऊण ग्रॅमही नाही. साखर-मिठाच्या सवयीने आपण उलटंच गृहीत धरतो.

हळद आणि आमसूल

दर्शकांबद्दल, म्हणजे आम्ल-अल्कलीत रंग बदलणाऱ्या पदार्थांबद्दल, थोडक्यात. हळदीतलं कर्क्युमिन सामू साडेसातच्या खाली पिवळं आणि साडेआठच्या वर तांबूस असतं. कपड्यावरचा हुमणाचा (माशाच्या आमटीचा) डाग साबण लागताच लाल होतो आणि पारंपरिक कुंकू हळद-चुन्यातून निघतं, ते यामुळेच. जास्वंदीचा रस आम्लात गुलाबी, अल्कलीत हिरवट. भिरंडाच्या सालीतलं रंगद्रव्यही त्याच जातीचं आहे, पण आमसुलाचं पाणी दर्शक म्हणून वापरताना ते खूपच पातळ करावं. त्यात स्वतःचंच आम्ल भरपूर असतं आणि तुम्ही घातलेला सोडा आधी ते मारण्यात खर्च होतो. फिनॉल्फ्थॅलिन ८.२ च्या पुढे गुलाबी होतं. मात्र फारच तीव्र कॉस्टिकमध्ये, सामू १३ च्या पलीकडे, ते पुन्हा फिकं पडतं. रंग गेला म्हणून द्रावण उदासीन झालं असं समजू नये.

कुळागरातलं बोर्डो मिश्रण

फोंडा, सत्तरी, सांगे, काणकोण इथल्या पोफळींना पावसाळ्यात कोळेरोगाची धास्ती असते. फायटॉप्थोरा नावाच्या बुरशीसदृश जीवामुळे कोवळी सुपारी कुजून गळते. त्यावरचा जुना आणि आजही चालणारा उपाय म्हणजे एक टक्का बोर्डो मिश्रण. फ्रान्समधल्या बोर्डो विद्यापीठाच्या मिलार्दे यांनी १८८५ मध्ये ते द्राक्षांसाठी प्रसिद्ध केलं. पहिली फवारणी मिरगाच्या तोंडावर, दुसरी ४० ते ४५ दिवसांनी.

प्रमाण: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद म्हणजे तांब्याचा सल्फेट. तो ५० लिटर पाण्यात विरघळवायचा. फडक्यात बांधून पाण्याच्या वरच्या पातळीला रात्रभर टांगून ठेवला की आपसूक विरघळतो. दाट द्रावण जड म्हणून खाली उतरतं आणि फडक्याभोवती ताजं पाणी येत राहतं. तळाशी टाकला तर खडे तसेच पडून राहतात. पिंप प्लास्टिकचं हवं. लोखंडाच्या किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या भांड्यात तांबं भांड्यावरच बसतं आणि भांडं खाल्लं जातं. उरलेल्या ५० लिटर पाण्यात चुना कालवायचा, फडक्यातून गाळायचा आणि पूर्ण थंड होऊ द्यायचा.

मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं, बारीक धारेने, ढवळत. किंवा दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात. चुना मोरचुदात ओतायचा नाही, आणि ही अंधश्रद्धा नाही. मोरचुदाचं द्रावण आम्लधर्मी असतं. ते चुन्यात पडतं तेव्हा भोवती सगळीकडे हायड्रॉक्साइड आयन असतात, आणि तांब्याच्या हायड्रॉक्साइडचा अवक्षेप (न विरघळणारा गाळ) मऊ, फुलका, आकाशी रंगाचा तयार होऊन पाण्यात तरंगत राहतो. उलट ओतलं तर सुरुवातीचा बराच वेळ मिश्रण आम्लधर्मीच असतं. त्यात अर्धवट झालेले सल्फेटयुक्त, हिरवट, जाड कण बनतात. ते तळाशी बसतात, पंपाचं तोंड चोंदतं आणि घोसावर चिकटत नाहीत. चुना गरम असतानाच मिसळला तरीही कण जाड होतात.

रासायनिक हिशेबाने १ किलो मोरचुदाला सुमारे ३०० ग्रॅम विरलेला चुना पुरतो. मग कृतीत किलोभर का? बाजारातला चुना पूर्ण चुना नसतो. पोत्यातल्या चुन्याचा काही भाग हवेने केव्हाच कार्बोनेट झालेला असतो, त्यात माती आणि कच्चे खडेही असतात. शिवाय थोडा चुना शिल्लक राहून मिश्रण अल्कधर्मी राहावं लागतं, नाहीतर मोकळा तांब्याचा आयन कोवळ्या फळाला जाळतो.

चुना जिवंत आहे की मेलेला, हे पाहायला मिनिट लागतं. चमचाभर चुना आधी पाण्यात भिजवून घ्या, म्हणजे पोकळीतली हवा निघून जाईल आणि तिचे बुडबुडे फसवणार नाहीत. त्यावर माडाच्या सुरेचं विनेगर घाला. चांगला विरलेला चुना मुकाट्याने विरघळतो, फार तर कोमट होतो. फसफसला तर तेवढा कार्बोनेट झाला आहे. फसफस जोरात असेल तर तो चुना फवारणीला घेऊ नये, वजन दुप्पट करूनही नव्हे. गाळ वाढेल आणि पंप अडेल.

तयार मिश्रण तपासायला कोयत्याचं घासून लख्ख केलेलं पातं त्यात मिनिटभर बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे: लोखंड विरघळून तांबं त्याच्या जागी बसलं. मग चुन्याचं पाणी थोडंथोडं घालत जावं, पातं स्वच्छ निघेपर्यंत. मिश्रण त्याच दिवशी संपवावं. रात्रभरात फुलक्या अवक्षेपाचे दाट कण होतात आणि चिकटपणा जातो. पावसात टिकण्यासाठी त्यात राळ आणि धुण्याचा सोडा एकत्र शिजवून केलेला चिकटा घालतात. राळेतली आम्लं आणि सोडा मिळून झालेला तोही एक साबणच.

तांबड्या मातीला चुना

वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम धुऊन नेतो. मागे राहतात लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून गोव्याची जांभ्याची माती आम्लधर्मी. सामू साडेपाचच्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांना इजा करतं, आणि घातलेला फॉस्फरस लोह-ॲल्युमिनियमशी जखडून पडतो.

इथे तिसरा प्रश्न पुन्हा येतो. सामू सारखाच असलेल्या दोन जमिनींना चुना सारखा लागत नाही. रेताड जमिनीचं आम्ल थोडक्यात मरतं. चिकणमाती आणि पालापाचोळा असलेली जमीन हायड्रोजन आणि ॲल्युमिनियमचे आयन कणांना धरून ठेवते आणि एकेक करून सोडते. चुन्याची मात्रा नुसत्या सामूवरून ठरवू नये, मातीपरीक्षणात चुन्याची गरज स्वतंत्रपणे काढून घ्यावी. शिफारस बहुधा कार्बोनेटमध्ये असते. हातात दुसरा प्रकार असेल तर १०० किलो कार्बोनेटच्या जागी ७४ किलो विरलेला चुना किंवा ५६ किलो कळीचा चुना धरावा. मात्रा जास्त झाली तर लोह, जस्त, मँगनीज मुळांना मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी पडतात.

एक चूक मात्र वर्षानुवर्षं चालू आहे: चुना आणि अमोनियमयुक्त खत एकाच दिवशी, एकाच आळ्यात. अमोनियम क्षाराला अल्कली भेटला की तो प्रोटॉन काढून घेतो आणि अमोनिया वायू होऊन उडतो. प्रयोगशाळेत नवसागर (अमोनियम क्लोराइड) आणि चुना एकत्र तापवून अमोनिया बनवतात तो हाच प्रकार. अमोनियम सल्फेट किंवा डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) घालायचं असेल तर चुना दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळून घ्यावा. आळ्यातून उग्र वास आला की समजावं, खताचे पैसे हवेत चालले.

खोबरेल आणि कॉस्टिक

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन स्निग्धाम्लं. कॉस्टिक ही जोडणी तोडतो; ग्लिसरीन सुटतं आणि स्निग्धाम्लाचा सोडियम क्षार, म्हणजे साबण, तयार होतो. खोबरेलाला कॉस्टिक इतर तेलांपेक्षा जास्त लागतो, कारण त्यातली स्निग्धाम्लं आखूड, म्हणजे तेवढ्याच वजनात रेणू जास्त. १ किलो खोबरेलाला पूर्ण साबण होण्यासाठी सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा पुरतो. एवढा कधीच घालू नये. पाच टक्के कमी, म्हणजे १७४ ग्रॅम घ्यावा, म्हणजे थोडं तेल शिल्लक राहतं आणि मोकळा कॉस्टिक राहत नाही.

पाणी ३५० ग्रॅमच्या आसपास. पाण्यात कॉस्टिक थोडाथोडा टाकावा, कॉस्टिकवर पाणी ओतू नये. द्रावण ८०-९० अंशांपर्यंत तापतं. भांडं स्टेनलेस स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं, अंगात लांब बाह्या, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, खिडकी उघडी. द्रावण आणि तेल दोन्ही ४० अंशांच्या जवळ आल्यावर मिसळावं, मिश्रण कढीपेक्षा दाट होऊन वरून सोडलेल्या धारेची खूण पृष्ठभागावर राहीपर्यंत ढवळावं आणि साच्यात ओतावं. खोबरेलाचा साबण लवकर कडक होतो, वड्या वेळेत नाही कापल्या तर सुरीखाली तुकडे उडतात. वापरायला चार आठवडे थांबावं.

इकडच्या हवेत घात होतो तो वजनात. कॉस्टिकच्या पापड्या हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढतात. पावसाळ्यात डबा थोडा वेळ उघडा राहिला तरी पापड्या ओल्या दिसू लागतात, आणि महिन्याभराने त्यांवर पांढरा कार्बोनेट चढतो. अशा १७४ ग्रॅममध्ये खरा कॉस्टिक कितीतरी कमी असतो. साबण मऊ आणि तेलकट होतो. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यातच तो ठेवावा. काचेच्या बाटलीला घासलेल्या काचेचं बूच लावलं तर कॉस्टिक काच खातो आणि बूच कायमचं बसतं.

ॲल्युमिनियमच्या टोपात यातलं काहीच करू नये. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो म्हणून ते पाण्यात टिकतं. पण हा ऑक्साइड आम्लातही विरघळतो आणि अल्कलीतही. तो गेला की उघडा धातू पाण्याशी भिडतो, द्रावण तापतं, हायड्रोजन सुटतो आणि तो ठिणगीने पेटू शकतो. धुण्याच्या सोड्यात उकळलेला टोप काळवंडतो ती याच अभिक्रियेची सौम्य आवृत्ती. जस्ताचंही तसंच, म्हणून पत्र्याची बादली नको. लोखंड आणि स्टेनलेस स्टीलला मात्र या कामात अल्कलीचा त्रास नाही.

मोरी मोकळी करणाऱ्या पुडीत कॉस्टिक असतो, संडास धुण्याच्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल. एकावर एक ओतले तर उदासिनीकरणाची सगळी उष्णता नळीतच सुटते आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. विहिरीत घालायची ब्लीचिंग पावडर तर आम्लाजवळही नेऊ नये. तिच्यातून क्लोरीन वायू निघतो.

डोळ्यात चुना गेला तर

अल्कली आम्लापेक्षा कमी घातक, हा समज मोडायला हवा. आम्लाने भाजतं तेव्हा प्रथिनं साकळतात आणि त्या थराने पुढची वाट काही अंशी अडते. अल्कली स्निग्ध पदार्थांचा साबण करतो, प्रथिनं विरघळवतो आणि आत आत जात राहतो. बोटांना लागणारा बुळबुळीतपणा ही त्याचीच सुरुवात. सुरुवातीला दुखतही कमी, म्हणून लोक गाफील राहतात.

पानाच्या चुन्याची पुडी किंवा नळी मुलांच्या हाती लागली, दाबली आणि फुटली, तर चुना थेट डोळ्यात उडतो. इथे चुन्याचा कमी विरघळण्याचा गुणच वैरी होतो. पापणीखाली अडकलेला कण साठ्यासारखा राहतो आणि अश्रूंत सतत विरघळत बुबुळ जाळतो. नुसते दोन हबके मारून तो निघत नाही. डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याची धार किमान अर्धा तास चालू ठेवावी, वरची पापणी उचलून आणि खालची ओढून आतले कण ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने काढावेत. लिंबू, विनेगर, दूध, तूप काहीही घालू नये. आम्ल घातलं तर उदासिनीकरणाची उष्णता जखमेतच सुटते. आधी धुवावं, मग नेत्रतज्ज्ञांकडे न्यावं, आणि वाटेतही बाटलीतलं पाणी डोळ्यावर सोडत राहावं.